मध्ययुगीन इंग्लंडमधले जमिनीचे जुने कागद कसे वाचावेत

२७ मार्च १६६८ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. वर्षाला दहा पौंड भाडं, हेही पाठ असतं. सनदेतली पुढची अट मात्र सहसा कोणी सांगत नाही. कंपनीने मुंबई धरायची होती ती 'केंट काउंटीतल्या ईस्ट ग्रिनिच मॅनरची म्हणून, फ्री अँड कॉमन सॉकेजने. इन कॅपिटे नव्हे आणि नाइट सर्व्हिसनेही नव्हे.' मॅनर म्हणजे एका धन्याची, स्वतःचं कोर्ट असलेली मिळकत; बाकीचे शब्द पुढे उलगडतील. कुठे मुंबई, कुठे लंडनजवळचं ग्रिनिच! पण या ओळीतला एकही शब्द लेखनिकाची लहर नाही. प्रत्येकामागे चार-सहाशे वर्षांचा जमीनकायदा उभा आहे.

हा लेख अशा ओळींपुढे पहिल्यांदाच अडखळणाऱ्यांसाठी आहे. कोणी विलायतेत राहून आपल्या गावाच्या इतिहास मंडळात जायला लागलेलं असतं, कोणी कंपनीच्या कागदांवर काम करत असतं, कोणी कायद्याचं विद्यार्थी असतं. लॅटिन येत नसलं तरी सुरुवात करता येते. ठरावीक वीस-पंचवीस वाक्प्रयोग ओळखीचे झाले की निम्मा कागद उलगडतो, कारण हे लेखनिक नवं काही लिहीत नसत. साचा तोच असे. साच्यात कुठे काय बदललंय, तेवढंच आपण शोधायचं.

आधी 'मालक कोण?' हा प्रश्न सोडून द्या

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने सगळी जमीन अखेर राजाची. बाकीचे ती कोणाकडून तरी 'धरतात'. लॅटिन कागदात हे क्रियापद सतत दिसतं: तेनेत, म्हणजे धरतो. जो थेट राजाकडून धरतो तो टेनंट-इन-चीफ. त्याची धारणा 'इन कॅपिटे'. तो त्यातला तुकडा आपल्या माणसाला देतो, तो माणूस पुढे आणखी कोणाला. त्यामुळे एकाच शेतावर एकाच वेळी चौघांचा हक्क असू शकतो आणि चौघांचाही खरा असतो.

म्हणून कोणताही कागद हाती आला की विचारायचं: कोणाकडून धरली? काय द्यायच्या बोलीवर? किती काळासाठी? आणि हा कागद कोणी, कशासाठी लिहून घेतला? नवखे लोक शेवटचा प्रश्न विसरतात आणि तिथेच घोटाळा होतो. करवसुलीच्या कागदातला एकर आणि विक्रीच्या कागदातला एकर हे दोन वेगळे प्राणी आहेत.

मराठी वाचकाला इथे वतन, इनाम, मिरास आठवणं साहजिक आहे. मनात समजून घ्यायला ते ठीक, पण टिपणवहीत हे शब्द लिहू नका. एकदा 'सार्जंटी (ठरावीक चाकरीच्या बोलीवरची धारणा) म्हणजे वतन' असं लिहून ठेवलं की पुढच्या प्रत्येक कागदात आपण पाटील-कुलकर्णी शोधायला लागतो. मूळ शब्द देवनागरीत लिहा आणि शेजारी त्या कागदापुरता अर्थ.

पहिला सराव: डूम्सडे बुकातलं बर्मिंगहॅम

१०८६ साली विल्यमने आपल्या राज्याची पाहणी करवली. तिचे ग्रंथ, म्हणजेच डूम्सडे बुक, आज लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि पानांची छायाचित्रं इंटरनेटवर बघता येतात. सरावाला वॉरिकशायरमधलं एक खेडं घ्या. नोंद साधारण अशी आहे: रिचर्ड विल्यमकडून बर्मिंगहॅममध्ये ४ हाइड धरतो. ६ नांगरांची जमीन. डिमेनमध्ये १ नांगर. ५ व्हिलेन आणि ४ बॉर्डार यांच्याकडे २ नांगर. रान अर्धा लीग लांब, २ फर्लांग रुंद. मोल होतं आणि आहे २० शिलिंग. एडवर्ड राजाच्या काळी वुल्फविन मोकळेपणाने धरत होता.

आता एकेक शब्द. हा विल्यम राजा नव्हे; तो विल्यम फिट्झ अ‍ॅन्सकल्फ, टेनंट-इन-चीफ. म्हणजे साखळी अशी: राजा, मग हा विल्यम, मग रिचर्ड, मग गावातले शेतकरी.

हाइड हे मुळात कर आकारण्याचं माप. एका हाइडचे १२० एकर धरतात, म्हणून ४ हाइडचे ४८० एकर करून नकाशावर आखायला जाल तर फसाल. हाइडचा चौथा हिस्सा व्हर्गेट, म्हणजे ढोबळ ३० एकर. उत्तर आणि पूर्वेकडच्या ज्या भागात डेन लोकांचा अंमल होता तिथे हाइडऐवजी कॅरुकेट दिसेल आणि त्याचा आठवा हिस्सा बोव्हेट. केंटमध्ये सुलुंग. काउंटी बदलली की माप बदलतं.

जमीन प्रत्यक्षात किती कसली जाते, हे नांगर सांगतात. नांगर म्हणजे आठ बैलांचा. सहा नांगरांना पुरेल एवढी जमीन आणि नांगर एकूण तीनच! आजच्या त्या प्रचंड शहराच्या गावठाणात तेव्हा अर्धी जमीन तरी पुरती कसली जात नव्हती, असं या दोन आकड्यांवरून वाटतं. डिमेन म्हणजे धन्याने स्वतःसाठी राखलेली जमीन. आपल्याकडचा जुना 'शेरी' हा शब्द तिच्या बराच जवळ जातो. व्हिलेन आणि बॉर्डार हे शेतकऱ्यांचे दोन दर्जे, बॉर्डार खालचा आणि थोड्या जमिनीचा. मोजलेली माणसं ही घरांचे कर्ते आहेत. बायकामुलं धरली तर गाव चाळीस-पन्नास जणांचं असावं.

शेवटच्या ओळीतला 'एडवर्ड राजाच्या काळी' हा प्रयोग पानावर टी, आर, ई या तीन अक्षरांत उरकलेला असतो. हा एडवर्ड विल्यमच्या आधीचा राजा. अर्थ, १०६६ च्या आधी. वुल्फविन हे इंग्रजी नाव, रिचर्ड हे नॉर्मन. एक पिढी संपायच्या आत जमिनीवरची माणसं कशी बदलली, ते पानोपानी याच ओळीत दिसतं.

काय द्यायच्या बोलीवर?

बोलीचे मुख्य प्रकार ओळखा. नाइट सर्व्हिस म्हणजे ठरलेले घोडेस्वार लढाईला पुरवायचे. पुढे त्याऐवजी पैसे घेऊ लागले, त्याला स्क्यूटेज म्हणतात. सार्जंटी म्हणजे धन्याची एखादी ठरावीक चाकरी. फ्रँकअल्मॉइन म्हणजे चर्चला दिलेली जमीन, बदल्यात फक्त प्रार्थना. सॉकेज म्हणजे ठरलेला खंड किंवा ठरलेलं शेतकाम. आणि सगळ्यांच्या खाली व्हिलेनेज, जिथे शेतकऱ्याला राजाच्या न्यायालयात उभंच राहता येत नसे. त्याचं जे काही असेल ते मॅनरच्या कोर्टात.

नाइट सर्व्हिसचा खरा जाच लढाईचा नव्हता. धारक मेला की वारसाने जमीन सोडवून घेण्यासाठी पैसे भरायचे, ते रिलीफ. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने त्याला मर्यादा घातली: अर्ल किंवा बॅरनच्या वारसाला १०० पौंड, एका नाइटच्या जमिनीला जास्तीत जास्त १०० शिलिंग. वारस अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न धन्याचं, ही वॉर्डशिप. त्या पोराचं किंवा पोरीचं लग्न कुठे लावायचं हेही धनी ठरवणार आणि तो हक्क चक्क विकणारही. वारसच नसेल तर जमीन धन्याकडे परत, ते इस्चीट. हा शब्द आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात, अनुच्छेद २९६ मध्ये आजही आहे.

म्हणूनच शहाणा माणूस राजाकडून जमीन घेताना सॉकेज मागे. त्यातही थेट राजमुकुटाकडून न धरता राजाच्या एखाद्या खासगी मॅनरची म्हणून धरली की इन कॅपिटे धारणेचे फास टळत. ईस्ट ग्रिनिच हे राजाचं असं हाताशी असलेलं मॅनर. १६०६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची सनद लिहिली तेव्हाही तेच वापरलं होतं. मुंबईच्या वेळी तर हा जाच उरलाही नव्हता. १६६० च्या कायद्याने नाइट सर्व्हिस मोडीत काढून त्या जमिनी सॉकेजमध्ये आणल्या होत्या. तरी लेखनिकाने जुनंच वाक्य उतरवलं. जुन्या कागदात एखादी अट दिसली म्हणजे ती लिहिताना तिची गरज होतीच, असं धरू नका.

किती काळासाठी?

इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: वारसांचा उल्लेख. 'त्याला आणि त्याच्या वारसांना' असं असेल तर फी सिंपल, कायद्यात असू शकेल तेवढा मोठा हक्क. 'त्याला आणि त्याच्या देहापासून झालेल्या वारसांना' असं असेल तर फी टेल, म्हणजे जमीन फक्त वंशात उतरणार. १२८५ च्या दे दोनिस कायद्याने ती अट पक्की केली. वारसांचं नावच नसेल तर हक्क घेणाऱ्याच्या हयातीपुरता, मग कागदाची भाषा कितीही भारदस्त असो. एका लॅटिन शब्दावर, 'हेरेदिबुस'वर, पुढच्या पिढ्यांचं नशीब ठरे.

हयातीच्या हक्कामागे कोण उभं आहे तेही बघा. जमीन देणाऱ्याकडेच परत येणार असेल तर रिव्हर्जन. तिसऱ्याकडे जाणार असेल तर रिमेंडर. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे, तो डावर. बायको आधी गेली आणि मूल जिवंत जन्मलेलं असेल, तर नवरा तिची सगळी जमीन हयातभर धरी, तो कर्टसी. बायकोला तिसरा हिस्सा आणि नवऱ्याला सगळं, असो.

वारस म्हणजे साधारणपणे थोरला मुलगा. मुलगे नसतील तर मुलींमध्ये समान वाटणी. केंटमध्ये गॅव्हलकाइंड नावाची रीत होती, तिच्यात सगळे भाऊ सारखे. काही गावांत उलट धाकट्याला मिळे. त्यामुळे धाकट्याच्या नावाने नोंद दिसली की थोरला मेला असेल असं लगेच लिहू नका.

खासगी दस्त: चार्टर

घराण्यांच्या आणि मठांच्या दप्तरांत सर्वांत जास्त सापडतात ते हे चामड्याचे छोटे तुकडे. सुरुवात ठरलेली: 'स्कियांत प्रेझेंतेस एत फुतुरी', म्हणजे आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्वांस कळावे. मग 'मी अमुक, दिली आहे, बहाल केली आहे आणि या दस्ताने कायम केली आहे'.

क्रियापदं भूतकाळी आहेत, ते उगाच नाही. जमीन दस्ताने जातच नसे. दोघं शेतात जात, साक्षीदार भोवती उभे राहत आणि देणारा घेणाऱ्याच्या हातात मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी ठेवी. त्या क्षणी सीझिन बदलली. सीझिन म्हणजे कायद्याने मानलेला ताबा. हा शब्द पक्का करून घ्या, कारण मध्ययुगीन जमीनकायदा सगळा त्याच्याभोवती फिरतो. चार्टर हा झाल्या गोष्टीचा पुरावा. या पूर्ण व्यवहाराला फेफमेंट म्हणतात, घेणाऱ्याला फेफी.

पुढे मिळकतीचं वर्णन येतं. मेस्वेज म्हणजे घर आणि त्याचं आवार. टॉफ्ट म्हणजे घराची जागा, घर पडलेलं असलं तरी. क्रॉफ्ट म्हणजे घरालगतचं कुंपणातलं छोटं शेत. सेलियन म्हणजे मोठ्या सामायिक शेतातली नांगरटीची एक लांबट पट्टी. अ‍ॅडव्हाउझन दिसलं तर थांबा; ती जमीन नव्हे, गावच्या चर्चचा पाद्री नेमण्याचा हक्क आहे, आणि तो जमिनीसारखाच विकला जाई.

सेलियनच्या चतुःसीमा कंटाळवाण्या म्हणून ओलांडून जाऊ नका. 'एका बाजूला अमक्याची जमीन, दुसऱ्या बाजूला तमक्याच्या विधवेची, एक टोक राजरस्त्याला भिडलेलं' या ओळींत पूर्ण वाडीची माणसं सापडतात. एकाच गावाचे पाच-सहा चार्टर शेजारी ठेवले की पट्ट्यांचा ओबडधोबड नकाशा तयार होतो. या कामातली खरी मजा मला तरी इथेच वाटते.

मग येतो 'तेनेन्दुम', म्हणजे कोणाकडून धरायची ते कलम. नवख्यांना मी सर्वांत आधी हेच शोधायला सांगतो. १२९० पर्यंत जमीन देणारा स्वतः धनी बनू शकत असे: 'माझ्याकडून आणि माझ्या वारसांकडून धरायची'. त्यामुळे साखळीत प्रत्येक व्यवहाराला एक कडी वाढे आणि वरच्या धन्यांची वॉर्डशिपची, इस्चीटची कमाई पातळ होई. १२९० मध्ये क्विया एम्प्टोरेस नावाचा कायदा आला. त्यानंतर फी सिंपल देणारा मधून बाजूला होतो आणि घेणारा थेट वरच्या धन्याकडून धरतो. कलमही बदलतं: 'त्या फीच्या मुख्य धन्यांकडून, त्यापोटी देय असलेल्या सेवा देऊन'.

तेराव्या शतकातल्या बऱ्याच चार्टरवर तारीखच नसते. अशा वेळी हे एक कलम कागदाला १२९० च्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवतं. फक्त आधी खात्री करा की व्यवहार फी सिंपलचा आहे. फी टेल किंवा हयातीपुरत्या दानात 'माझ्याकडून' हे शब्द १२९० नंतरही येतात आणि ते बरोबरच असतात.

खंडाच्या कलमात कधी 'सेंट जॉनच्या दिवशी गुलाबाचं एक फूल', 'एक पौंड जिरं' किंवा 'हातमोज्यांची एक जोडी' भेटते. लोक हे वाचून हरखतात. असा नाममात्र खंड दिसला की शंका घ्यावी की खरी रक्कम आधीच एकरकमी दिली गेली आहे. चार्टरमध्ये ती कधी लिहितात, कधी नाही.

शेवटी साक्षीदार, साधारण मानाच्या उतरत्या क्रमाने. तोच चमू चार दस्तांवर आला की बिनतारखेच्या दस्ताची तारीख आणखी आवळता येते. शेजारी एखादा क्विटक्लेम मिळतो का तेही बघा. तो हक्क सोडल्याचा कागद. विकणाऱ्याच्या विधवेने डावरचा दावा सोडला, असे कितीतरी आहेत. आणि घेणारा मठ असेल तर १२७९ च्या मॉर्टमेन कायद्यामुळे राजाची परवानगी लागे, म्हणजे सरकारी दप्तरातही त्या व्यवहाराचा माग असण्याची शक्यता आहे.

फाइन: लुटुपुटूचं भांडण

'ही अंतिम तडजोड, राजाच्या न्यायालयात वेस्टमिन्स्टर इथे झालेली...' अशी सुरुवात असेल तर तो फाइन. घेणारा देणाऱ्यावर खोटा दावा लावी, दोघं लगेच तडजोड करत आणि तडजोडीची नोंद न्यायालयात होई. एकाच चामड्यावर मजकूर तीनदा लिहून मध्ये वाकडीतिकडी रेघ कापत. दोन प्रती दोघांना, तिसरी तळाची प्रत खजिन्यात. ही तिसरी प्रत ठेवण्याची पद्धत ११९५ मध्ये सुरू झाली आणि फाइन थेट १८३० च्या दशकापर्यंत चालले. त्यामुळे इंग्लंडच्या बहुतेक भागांसाठी हा न तुटलेला धागा आहे.

वाचताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की भांडण खरं नाही. क्वेरंट म्हणजे घेणारा, डिफोर्शंट म्हणजे देणारा. डिफोर्शंट शब्दशः 'बळाने अडवून बसलेला' असला तरी त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. एकर गोल आकड्यांत असतात, रक्कमही पुष्कळदा ठोकळ. सुरुवातीच्या काळात रकमेऐवजी एक ससाणाही दिसतो. नवरा-बायको दोघं डिफोर्शंट असतील तर जमीन बहुधा बायकोच्या माहेरची, किंवा तिचा डावर बुजवायचा आहे. विवाहित बाईला आपली जमीन पक्की देऊन टाकायला हाच खात्रीचा मार्ग होता आणि न्यायाधीश तिला बाजूला घेऊन विचारत की हे राजीखुशीने आहे ना.

धारक मेल्यावर: इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम

राजाकडून थेट धरणारा मेला की इस्चीटर नावाचा अधिकारी स्थानिक ज्युरी बसवून चौकशी करी. मृताकडे कोणती जमीन होती, कोणाकडून, कोणत्या सेवेने, वर्षाचं मोल किती, मृत्यू कधी, वारस कोण आणि त्याचं वय काय. तेराव्या शतकाच्या मध्यापासून सतराव्याच्या मध्यापर्यंत असे हजारो कागद आहेत आणि बऱ्याच काळाचे इंग्रजी गोषवारे छापलेले आहेत. लॅटिन न येणाऱ्याने पहिलं पाऊल इथेच टाकावं.

कशासाठी लिहिलं ते मात्र विसरू नका. राजाला रिलीफ आणि वॉर्डशिप हवी होती. ज्युरी होते मृताचे शेजारी. मोल कमी सांगण्याकडे कल असणारच. वारस '३० वर्षांचा आणि अधिक' असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तो सज्ञान आहे. अज्ञान वारसाचं वय मात्र जपून लिहिलेलं असतं, कारण त्यावर पैसे होते. मुलगा २१ चा झाला की वॉर्डशिप संपे.

मॅनर कोर्टाचे रोल

सामान्य शेतकरी वर सांगितलेल्या कागदांत फारसा येत नाही. तो भेटतो मॅनर कोर्टाच्या गुंडाळ्यांत. हे रोल बरंचसं आपल्याकडच्या फेरफार नोंदवहीचं काम करतात: जमीन या हातून त्या हातात गेली की इथे नोंद. जोडीला दंड, कज्जे आणि कोणाची गुरं कोणाच्या पिकात शिरली तेही.

हस्तांतराची नोंद अशी वाचा. 'अमुक कोर्टात आला आणि धन्याच्या हाती एक मेस्वेज व अर्धा व्हर्गेट परत केला, तमुकच्या उपयोगासाठी.' लॅटिनमध्ये उपयोगासाठी म्हणजे 'आद ओपुस', आणि त्यापुढचं नाव खऱ्या घेणाऱ्याचं. मग 'धन्याने त्याला काठीने सीझिन दिली. धन्याच्या मर्जीने, मॅनरच्या रिवाजाप्रमाणे धरायची. प्रवेशाचा फाइन इतका'. काठी खरीच असे, कारभारी तिचं एक टोक धरी आणि घेणारा दुसरं. 'धन्याच्या मर्जीने' हे शब्द वाचून घाबरू नका. पुढचं 'रिवाजाप्रमाणे' जास्त वजनदार होतं आणि काळाच्या ओघात त्यानेच शेतकऱ्याचा हक्क पक्का केला. या नोंदीची नक्कल त्याच्या हातात मिळे, म्हणून पुढे अशा धारणेला कॉपीहोल्ड म्हणू लागले. ती रद्द झाली थेट १ जानेवारी १९२६ पासून.

हेरिअट म्हणजे धारक मेल्यावर धन्याने नेलेलं सर्वांत चांगलं जनावर. मर्चेट म्हणजे मुलीच्या लग्नाबद्दल द्यायचा पैसा, बंधनात असल्याची खूण. एसॉइन म्हणजे गैरहजेरीची रीतसर सबब. रोलच्या सुरुवातीला नावं दिसतात ती या लोकांची. अमर्समेंट म्हणजे दंड. १३४९ चा रोल कधी मिळाला तर त्यात हेरिअटमागून हेरिअट आणि 'धन्याच्या हाती' पडलेल्या बेवारस जमिनी दिसतील. प्लेगचं वर्ष होतं ते.

तारीख आणि पैसा

तारखा राजाच्या कारकिर्दीच्या वर्षांत आणि सणांवरून लिहितात. 'सेंट मायकेलच्या सणानंतरचा पहिला सोमवार, हेन्री राजाचा पुत्र एडवर्ड राजा याच्या कारकिर्दीचं आठवं वर्ष.' हेन्रीचा पुत्र एडवर्ड म्हणजे पहिला एडवर्ड. त्याचं राज्यवर्ष २० नोव्हेंबर १२७२ पासून मोजतात, म्हणजे आठवं वर्ष २० नोव्हेंबर १२७९ ते १९ नोव्हेंबर १२८०. सेंट मायकेलचा सण २९ सप्टेंबर. १२८० मध्ये तो रविवारी आला. म्हणून उत्तर ३० सप्टेंबर १२८०. 'एडवर्डचा पुत्र एडवर्ड' असेल तर दुसरा, आणि 'विजयानंतरचा तिसरा' असेल तर तिसरा; विजय म्हणजे १०६६ चा.

सनाचा आकडा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७५१ पर्यंत २५ मार्चला बदले. म्हणून फेब्रुवारी १३४९ लिहिलेला कागद आपल्या हिशेबाने १३५० चा. मुंबईची सनद २७ मार्चची, नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवसाची. तीनच दिवस आधी झाली असती तर कागदावर १६६७ पडलं असतं.

१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं: १३ शिलिंग ४ पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश. ६ शिलिंग ८ पेन्स असा विचित्र आकडा दिसला की तो अर्धा मार्क.

ओळखीचे वाटणारे शब्द

अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्द जास्त दगा देतात. फी म्हणजे शुल्क नव्हे, वारशाने चालणारी धारणा. फार्म म्हणजे शेत नव्हे, ठरावीक रकमेचा मक्ता. डिमाइज म्हणजे मरण नव्हे, भाडेपट्ट्याने देणं. पर्चेस म्हणजे वारसाहक्काशिवाय कोणत्याही मार्गाने मिळालेली जमीन, फुकट मिळाली तरी. फाइन तर तीन प्रकारचा: वर सांगितलेली तडजोड, मॅनरमधली प्रवेशाची रक्कम आणि साधा दंड. व्हिलेनचंही तसंच. १०८६ चा व्हिलेन आणि १२८० चा व्हिलेन यांची कायद्यातली अवस्था एक नव्हे. डूम्सडेतल्या माणसाला दोनशे वर्षांनंतरच्या बेड्या घालू नका.

सुरुवात कुठून करायची

एकच मॅनर निवडा. नॅशनल अर्काइव्हजच्या संकेतस्थळावर मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर आहे. कोणत्या मॅनरचे कोणते कागद कुठे आहेत ते तिथे कळतं. बरेचसे काउंटीच्या दप्तरखान्यांत असतात, काही कॉलेजांकडे, काही अजून खासगी घराण्यांकडे. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर छापील गोषवारे बरेच आहेत. ह्यूस्टन विद्यापीठाच्या अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन या संग्रहात मूळ गुंडाळ्यांची लाखो छायाचित्रं मोफत आहेत, त्यामुळे पुण्यात बसूनही तेराव्या शतकाचं चामडं वाचता येतं.

न्यायालयीन कागद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत. मधली १६५० च्या दशकातली काही वर्षं, राजा नव्हता तेव्हाची, इंग्रजीत. ही इंग्रजी वर्षं फार कामाची आहेत. आपल्या मॅनरचा १६५० च्या दशकातला रोल मिळाला तर तो आधी वाचा. तीच वाक्यं, तोच क्रम, फक्त इंग्रजीत. त्याची एक नोंद समोर ठेवून १६४० ची लॅटिन नोंद लावा, मग १५५० ची, आणि तसंच मागे जात राहा. लेखनिक शब्द अर्धेच लिहून वर रेघ मारतात. पण पुढे काय येणार हे माहीत असलं की त्या रेघांची फार अडचण होत नाही. अडलेला शब्द तसाच, आहे तेवढ्या अक्षरांत उतरवून ठेवा आणि पुढे चला. तो बहुधा दोन नोंदींनंतर पुन्हा येतो, आणि तेव्हा पूर्ण लिहिलेला असतो.